चावी फिरवली आणि नुसती टकटक : नाशिकमध्ये पहिली छोटी गाडी घेणाऱ्यांसाठी

डिसेंबरातली सकाळ. इंदिरानगरच्या पार्किंगमध्ये मी, सातपूरला पोचायला अर्धा तास हातात, आणि चावी फिरवली की बॉनेटखालून नुसती टकटक. सेकंडहँड छोटी पेट्रोल गाडी, घेऊन जेमतेम दोन महिने झालेले. बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने बॉनेट उघडताक्षणी सांगितलं, "ताई, बॅटरी गेली." नवी बसवली. आठ दिवसांनी पुन्हा तीच टकटक. मग एका गॅरेजने सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) काढून दुरुस्त केला, त्यानंतर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बदलायची गोष्ट निघाली. शेवटी ओळखीतल्या एका वयस्कर वायरमन काकांनी इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची (वीज बॅटरीकडे परत नेणारी) पट्टी बोटाने हलवून दाखवली. बोल्ट सैल, खाली गंज. त्यांनी पट्टी घासली, बोल्ट आवळला, वीस मिनिटांत काम झालं. तोवर माझा अर्धा पगार गेला होता.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे आणि नव्या प्रत्येकाला तीच सांगते. गाडी अडली की "काय गेलं?" हा प्रश्न नंतरचा. आधी "नेमकं काय होतंय आणि कधी होतंय?" हे बघा. गॅरेजमध्ये जाताना निदान नेऊ नका, लक्षण न्या. "बॅटरी बदला" म्हटलं तर बॅटरी बदलून मिळते. "सकाळी थंडीत टकटक होते, दुपारी एका झटक्यात सुरू होते" म्हटलं की समोरचा माणूस विचार करायला लागतो. त्यासाठी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, इंजिन थंड होतं की गरम, वेग किती, एसी चालू होता का, एवढ्या चार-पाच नोंदी पुरतात.

चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं

भराभर टकटक आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील तर सेल्फपर्यंत पुरेशी वीज पोचत नाही. बॅटरी उतरली असेल, टर्मिनल खराब असेल किंवा माझ्यासारखी अर्थिंग सैल असेल. एकदाच जोरात "ठक" आणि दिवे मात्र लख्ख असतील तर संशय सेल्फच्या मोटरवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर (मोटरला वीज सोडणाऱ्या स्विचवर). काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत, तर टर्मिनल निसटलंय किंवा मुख्य फ्यूज उडालाय. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर क्लच पूर्ण दाबला आहे ना, रिमोटच्या चावीतला सेल संपला नाही ना, हे आधी बघा.

चौथा प्रकार वेगळा आहे. सेल्फ छान फिरतो, पण इंजिन पकडत नाही. तिथे बॅटरीला दोष देऊ नका. चावी नुसती ऑन करून कान द्या. मागच्या सीटच्या बाजूने दोन सेकंद पेट्रोलच्या पंपाचा "झूं" असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) आधी तपासून घ्या. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. सेकंडहँड गाडी घेताना दोन्ही चाव्या मागून घ्यायच्या त्या यासाठीच.

आता एक खरेदी करा : डिजिटल मल्टिमीटर. तीन-चारशे रुपयांत साधा मिळतो आणि पहिल्याच वर्षात पैसे वसूल होतात. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. भरलेली बॅटरीही त्या क्षणी साडेनऊच्या खाली घसरत असेल तर तिच्यात दम उरलेला नाही. इंजिन सुरू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. तो साडेबारावरच राहून हळूहळू उतरत असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. कदाचित त्याचा पट्टा सैल असेल, तोही बघा. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे कमी-जास्त चार्ज करतो, म्हणून मोजताना हेडलाइट आणि एसीचा पंखा चालू ठेवा.

अर्थिंगची तपासणी मला फार मोलाची वाटते, कारण ती कुणी करत नाही. मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबावर आणि लाल टोक इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वीज परतीच्या वाटेवर अडते आहे. ही एक मिनिटाची तपासणी तेव्हा कुणी केली असती तर माझी जुनी बॅटरी आणखी वर्षभर चालली असती.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी मायनसची केबल सोडवा, मग प्लसची. गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, कोरडं करा, जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. भुकटी हाताला लावून घेऊ नका, तिच्यात आम्ल असतं.

नाशिकमध्ये बॅटऱ्या थंडीत उघड्या पडतात. निफाड-ओझरकडे पारा एक आकडी होतो, शहरातही पहाटे चांगलाच गारठा असतो. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणजे बॅटरीची ताकद कमी होते आणि काम वाढतं. शिवाय आपलं रोजचं धावणं दोन-तीन किलोमीटरचं. इंदिरानगरहून मुंबई नाका आणि परत एवढ्यात सेल्फने खाल्लेली वीजही भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा. बॅटरीचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं. चौथी दिवाळी झाली की तपासून घ्या, जानेवारीची वाट बघू नका.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायची वेळ आली तर क्रम पाठ असू द्या :

१. दोन्ही गाड्या बंद, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, एकमेकींना न चिकटलेल्या.
२. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
३. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला. तिचं दुसरं टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता, बॅटरीपासून लांब, त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो.
४. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग दुसरी सुरू करा.
५. केबल काढताना बरोबर उलटा क्रम.

बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळकी असेल तर यातलं काहीही करू नका.

ढकलून सुरू करण्याबद्दल सगळे विचारतात. मॅन्युअल गिअरच्या गाडीत दुसरा गिअर टाकून जमतं, पण बॅटरीत थोडीतरी धुगधुगी हवी. आजच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर दोन्ही विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरी पार मेलेली असेल तर माणसं दमतात आणि गाडी तशीच राहते. ऑटोमॅटिक आणि एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या गाड्या, ढकलायच्या फंदात पडू नका.

घाटात गाडी तापली तर

मुंबईहून येताना कसारा घाट चढायचा. मे महिन्यातली दुपार, गाडीत पाच माणसं आणि सामान, एसी चालू, पुढे ट्रकची रांग. लहान इंजिनाची खरी परीक्षा इथे होते. बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल दिवा म्हणजे मर्यादा ओलांडली. मधलं काही कळत नाही, म्हणून चढताना एसी अचानक गरम हवा फेकायला लागला तर तीच पहिली सूचना समजा. इंजिन फार तापलं की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो.

काटा चढायला लागला तर एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात लावा. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनची उष्णता आत ओढून घेतो. मोठ्या गिअरमध्ये गाडी कण्हत चढवू नका, एक गिअर खाली घ्या. लाल दिवा लागलाच किंवा वाफ दिसली तर सुरक्षित जागी बाजूला घ्या, हजार्ड लावा, इंजिन बंद करा. "पुढच्या हॉटेलपर्यंत जाऊ" हा विचार फार महाग पडतो. तेवढ्या अंतरात सिलिंडर हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं आणि खर्च हजारांवरून दहा हजारांच्या पटीत जातो.

आणि रेडिएटरचं किंवा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका. बंद यंत्रणेत दाब असतो म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि ते उकळतं पाणी तोंडावर उडतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, मग जाड फडक्याने झाकण धरून हळू उघडा. कूलंट कमी असेल तर त्या वेळी पिण्याचं पाणी घातलं तरी चालेल, मात्र नाशिकला आल्यावर ते काढून योग्य कूलंट भरून घ्या. बोअरचं पाणी तर कधीच नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, बादलीत बसतात तसेच.

गाडी का तापते, हे कुठे तापते यावरून बरंचसं कळतं. द्वारका चौकात रखडल्यावर तापते आणि ओझरच्या मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज, रिले किंवा सेन्सर बघा. घरी तपासायचं तर इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात पंखा फिरायला हवा. हात मात्र लांब, कारण तो पंखा इंजिन बंद झाल्यावरही अचानक फिरू शकतो. उलट हायवेला किंवा चढावर तापत असेल तर कूलंट कमी, रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप) अडकलेला किंवा वॉटर पंप थकलेला. जमिनीवर थेंब नाही आणि तरी कूलंट दर महिन्याला कमी होतंय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, असं असेल तर हेड गॅस्केटची (सिलिंडर हेडखालच्या सीलची) शंका घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा चिकटा दिसला की लोक घाबरतात. नाशिकच्या थंडीत, जवळच्या जवळ चालणाऱ्या गाडीत, थोडा चिकटा नुसत्या दमटपणानेही येतो. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलसुद्धा दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका.

उतरताना ब्रेक, गर्दीत क्लच

इगतपुरीनंतर मुंबईकडे उतरताना नवखा माणूस पाय ब्रेकवरून काढतच नाही. पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक थोडा वेळ घट्ट, मग सोडून, असा वापरा. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचतं हा जुना समज आहे. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर गेलात तर परत येतानाही हेच लक्षात ठेवा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून गाडी कमी चालली तरी ते दर दोन वर्षांनी बदला, झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. लेव्हल कमी झाली तर नुसतं वरून भरू नका. पॅड झिजले असतील किंवा कुठे गळती असेल, ते शोधायला लावा. पावसानंतर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर आली तर ती डिस्कवरचा गंज निघण्याची, तिची काळजी नको. रोज येणारी कर्कश किरकिर मात्र पॅड संपल्याची असते. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, ओढलेल्या हँडब्रेकने मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात.

क्लचची तपासणी सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तेवढा वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. मुंबई नाक्याच्या गर्दीत अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका, पाय पेडलवर विसावूही देऊ नका.

खड्ड्यांचे आवाज

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं निघाली आहेत, त्यामुळे सध्या सगळ्यांच्याच गाड्यांतून काही ना काही वाजतंय. हळू जाताना लहान खड्ड्यात "खटखट" झाली तर बहुधा स्टॅबिलायझरची लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश (चाकांजवळच्या दांड्या आणि त्यांचे रबरी जोड), ही तुलनेने स्वस्त कामं आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना "टकटकटक" येत असेल तर ॲक्सलचा सीव्ही जॉइंट (वळतानाही चाक फिरवणारा सांधा). त्याचा रबरी बूट फाटल्यावर लगेच बदलला असता तर जॉइंट वाचला असता, म्हणून दर सर्व्हिसला बूट बघायला सांगा. वेगाबरोबर वाढणारी "गुंऽऽ" अशी घरघर व्हील बेअरिंगची असते. लांब वळणावर आवाज कमी-जास्त होतो का हे बघा, कोणत्या बाजूचं ते कळतं. "शॉकअप गेले" असं कुणी लगेच म्हणालं तर शॉकअपवर ऑइल ओघळलेलं दाखवायला सांगा.

टायरची हवा किती ठेवायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, ती थंड टायरमध्ये मोजा. टायरवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर संपला. इगतपुरीच्या पावसात जायचं असेल तर मी त्याच्या बरीच आधी बदलते.

फ्यूज, हेडलाइट आणि उंदीर

एखादी काच, हॉर्न किंवा चार्जिंगचं सॉकेट अचानक बंद पडलं तर आधी फ्यूज बघा. सहसा स्टिअरिंगच्या खाली एक आणि बॉनेटमध्ये एक, अशा दोन पेट्या असतात. रंग ठरलेले आहेत : लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जो उडाला त्याच रंगाचा लावा. तोही उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि मोठा फ्यूज किंवा तार गुंडाळून तो मिटत नाही, वायरिंग जळतं. गाड्यांना आगी लागण्याचं एक कारण हेच. हेडलाइटचंही तसंच. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा असेल तर तिथे १०० वॅटचा बसवून उजेड वाढवू नका. होल्डर वितळतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो तो वेगळाच. बाहेरून स्टीरिओ, हॉर्न किंवा कॅमेरा बसवताना मूळ वायर सोलून जोड देऊ नका म्हणावं, कपलर (तयार जोड) लावून जोडा म्हणावं.

दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागेत गाडी रात्रभर उभी केली असेल तर सकाळी चावी लावण्याआधी बॉनेट उघडा. उंदरांनी वायर कुरतडलेली असते, एअर फिल्टरच्या डब्यात घर केलेलं असतं. माझ्या भावाच्या गाडीत चार लाल दिवे एकदम लागले होते, कारण एकच सेन्सरची वायर. गाडीत खाण्याचं काही ठेवू नका, बॉनेटखाली जाळी बसवून घ्या आणि गाडी एकाच कोपऱ्यात दिवसेंदिवस उभी ठेवू नका.

पाणी साचलं तर

गोदावरीला पूर आला की घाटावरची पार्किंग आधी जाते, हे नाशिककरांना माहीत असतं, नव्याने आलेल्यांनी लक्षात ठेवावं. रामकुंडाच्या बाजूला पावसाळ्यात गाडी रात्री ठेवू नका. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल तर त्यात घालूच नका. घातली आणि इंजिन बंद पडलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, बॅटरीचं मायनस सोडा, टो करून न्या. साध्या विमा पॉलिसीत असं इंजिनचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्यावी लागते. पावसाळ्याआधी पॉलिसी काढून वाचा.

पिवळा इंजिनचा दिवा

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरू नका, दोन-चार दिवसांत तपासा. लुकलुकत असेल आणि गाडी झटके खात असेल तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, हळू चालवून जवळच्या गॅरेजला न्या, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड मिळतो. तो कोड वहीत उतरवून घ्या. कोड भागाचं नाव सांगतो, दोष कुठे आहे ते सांगतोच असं नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सरच खराब असेल असं नाही, हवा ओढणारा एखादा फाटका पाइपही तोच कोड देतो. सीएनजीच्या गाडीत मिसफायर असेल तर आधी स्पार्क प्लग बघा, गॅसवर ते लवकर थकतात. गाडी पेट्रोलवर नीट आणि गॅसवरच झटके देते का, हे स्वतः चालवून नोंदवा. गॅसच्या सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, त्याची तारीख पाटीवर असते.

गॅरेजमध्ये

लक्षण वहीतून वाचून दाखवा. आवाज येत असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा. "भाऊ, आधी तपासा, मग मला फोन करा, मग भाग उघडा," हे स्पष्ट सांगा आणि तपासणीचे पैसे आनंदाने द्या, खरं कौशल्य त्यातच असतं. महागडा भाग बदलायला सांगितला तर कशावरून, हे विचारा. चांगला माणूस मीटर लावून किंवा भाग हातात देऊन दाखवतो. एका वेळी एकच भाग बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. जुना भाग आणि नव्याचा डबा मागून घ्या, बिलावर किलोमीटर लिहून घ्या. परत निघताना त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून बघा. सकाळच्या थंडीत होणारी तक्रार असेल तर गाडी एक रात्र गॅरेजमध्येच ठेवा आणि पहिला सेल्फ तुमच्यासमोर मारायला सांगा.